स्विफ्ट घेऊ का पंच? आधी पांदणीचं बोला!

राम राम मंडळी! कोणताही व्हिडिओ टाका, खाली सवाल ठरलेला: "भाऊ, मारुतीची स्विफ्ट का टाटाची पंच?"

इंजिनचं पटकन उरकतो. दोन्ही 1.2 लिटर, तीन सिलिंडर. मॅन्युअल पेट्रोलला 2024 ची स्विफ्ट कागदावर लिटरला 24.8 किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज देते, पंच 20 च्या आसपास. रोजचं अपडाऊन डांबरावरूनच असेल तर स्विफ्ट घ्या, विषय संपला. एवढं शोरूमवालाही सांगते.

तो काय नाही सांगत? पांदण रस्ता, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, स्विफ्टचा 163 मिलिमीटर, 2021 ला आली तेव्हा पंचचा 187. फरक 24, म्हणजे इंचभरही नाही! अन् मोजताना गाडी रिकामी होती का भरलेली, हे बऱ्याच कागदांवर लिहिलेलंच नसते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरची चार माणसं बसवा, डिक्कीत तुरीचे दोन कट्टे टाका. आधी रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेप लावा, भरल्यावर परत लावा. जेवढं अंतर कमी झालं तेवढी गाडी बसली. ब्रोशरचा आकडा रिकाम्या गाडीचा असेल तर ते त्यातून वजा करा. सेल्समन तोंड वाकडं करन, करू द्या. पैसे तुमचे आहेत.

हे एवढं काऊन सांगतो? पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल जातात, मधला वरंबा उभा राहते. दिवाळीपर्यंत तो विटेसारखा टणक. चाकं चाकोरीत उतरली की तोच वरंबा सायलेन्सरचा पाइप अन् ऑइलचा चेंबर घासते. चेंबरला चीर गेली, ऑइल सांडलं अन् तशीच गाडी हाकली, तर इंजिन जाम. म्हणून एका बाजूची चाकं वरंब्यावर अन् दुसरी चाकोरीच्या बाहेर, अशी गाडी काढा. पंच असली तरी.

"स्प्रिंगमध्ये रबर टाकून उंच करू का?" नका करू. रबरानं स्प्रिंग कडक होते, खड्ड्यात शॉकअपवर ताण येते, अन् वॉरंटीत कंपनी हात वर करू शकते.

अन् पंचला जीप समजणारे माझे भाऊ, ऐका! दोन्ही गाड्यांची पुढचीच चाकं ओढतात. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत. मग पंच काय अन् स्विफ्ट काय, दोघींनाही बैलजोडीच लागते. उंची खालचा भाग वाचवते, पकड देत नाही.

सीएनजीवाल्यांनो, स्विफ्टची डिक्की टाकीच खाते. पंचमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यात, 210 लिटर जागा उरते. पण पंप तालुक्याला आहे का, अन् तिथं लाइन किती लागते, ते बुकिंगच्या आधी जाऊन पाहा.