पाहुण्यांना वाट दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

शेतावर पाहुणे उतरवायला लागलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी मोठ्या उदारपणे प्रत्येकाला सांगायचो, "रान आपलंच आहे, कुठंही हिंडा." पाहुणे हिंडले. हंगाम संपला तेव्हा घरापासून ओढ्यापर्यंतच्या गवतात मी सात वाटा मोजल्या. सातही एकाच ठिकाणी जाणाऱ्या! पहिल्या जोराच्या पावसात त्यातल्या तिघींचे चर झाले आणि माती ओढ्यात गेली.

मला वाटलं, माणसं फार झाली. पुढच्या वर्षी निम्मीच घेतली. वाटा होत्या तेवढ्याच राहिल्या.

याचं उत्तर तुडवलेल्या गवतावर प्रयोग करणाऱ्यांनी शोधून ठेवलं आहे. डेव्हिड कोल आणि नील बेफील्ड यांनी 1993 साली त्यासाठी एक ठरावीक पद्धत मांडली. अर्धा मीटर रुंद, दीड मीटर लांब असे पट्टे आखायचे. एक पट्टा तसाच सोडायचा. बाकीच्यांवरून कुठे 25 वेळा, कुठे 75, कुठे 200, तर कुठे 500 वेळा चालायचं आणि काय उरलं ते बघायचं. अशा प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं ते असं की बहुतेक नुकसान सुरुवातीच्या थोड्या पावलांतच होतं. पुढे कितीही चाला, त्यात फारशी भर पडत नाही. म्हणजे मळलेल्या वाटेवरून शंभर माणसं गेली तरी चालतील, पण कोवळ्या गवतात दहा जण दहा दिशांना गेले तर ते महागात पडतं.

म्हणून आता मी "कुठंही हिंडा" म्हणत नाही. एक वाट आखून देतो. पण वाट आखली म्हणून माणूस तिच्यावरून जातोच असं नाही बरं का. वळण उगाच लांबचं वाटलं की तो आडवा घुसतो. तिथे पाटी लावून काही होत नाही. वाटच थोडी हलवावी, नाहीतर आडवाटेवर काटेरी फांद्या टाकाव्यात. चिखल झाला की लोक कडेकडेनं चालतात आणि वाट फुगत जाते. अशा जागी पाऊल टेकायला सपाट दगड टाकले की काम भागतं. गाड्यांचंही तसंच. ओल्या मातीवरून चाक पहिल्यांदा फिरतं तेव्हाच ती सगळ्यात जास्त दबते, आणि दबलेल्या जमिनीत ना पाणी मुरत ना मूळ शिरत. गाड्या फाटकाशीच, खडी टाकलेल्या एका तुकड्यावर. सामान उचलायला हातगाडी ठेवा, कुरकुर कमी होते! टायरांना चिकटून येणारं गाजर गवतासारखं तणाचं बीही मग एकाच जागी उगवतं आणि उपटायला सोपं जातं.

माणसं अशी एका रेषेत ठेवायची, पाणी मात्र पसरवायचं. इथे माझी दुसरी चूक झाली. न्हाणीचं सगळं पाणी मी एका खोल खड्ड्यात सोडलं होतं. वास्तविक सांडपाणी साफ करणारे जीव मातीच्या वरच्या थरात असतात. खोल सोडलेलं पाणी त्यांना टाळून थेट भूजलाकडे निघतं. आता ते पाणी उथळ चरांतून, पालापाचोळ्याखालून कर्दळीला आणि झाडांच्या आळ्यांना जातं. ते साठवून ठेवू नये, दिवसभरात घाण मारू लागतं. साबण आपणच ठेवावा, कारण कपडे धुण्याच्या पावडरीत सोडियम भरपूर असतं आणि त्यानं चिकण माती घट्ट होत जाते.

शौचालयाचा खड्डा असेल तर तो विहिरीपासून निदान 30 मीटर लांब हवा, आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड-दोन मीटर तरी वर हवा. ज्यांच्याकडे जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं, त्यांनी कोरड्या शौचालयाचा विचार करावा. लघवी वेगळी काढायची, मैल्यावर दर वेळी भुसा किंवा वाळला पाला टाकायचा. वासाची जी भीती असते, ती बहुतेक ओलाव्यामुळे खरी ठरते. सोनखत हा शब्द आपल्याकडे जुनाच आहे. फक्त ते पुरतं कुजल्याशिवाय शेतात जाऊ देऊ नका.

रात्रीचं थोडं सांगतो. पाहुण्यांना अंधाराची धास्ती वाटते म्हणून आपण अंगणात पांढरेफेक दिवे लावतो, आणि त्यांना काजवे दाखवायला बोलावलेलं असतं! काजवा जोडीदार शोधतो तो प्रकाशाच्या खुणेनं. आपल्या दिव्यांत ती खूण बुडते. दिवे पिवळे, गुडघ्याएवढे, खाली तोंड केलेले आणि फक्त वाटेपुरते. शेकोटीही एकाच ठिकाणी, पायांवर उचललेल्या लोखंडी थाळीत. जमिनीवरच्या जाळानं खालची जिवंत माती भाजते. रानात पडलेलं लाकूड मात्र गोळा करायचं नाही, त्यात किडे, बुरशी आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी यांचा संसार असतो.

एवढं करूनही एक गोष्ट आपल्या कुंपणाबाहेर उरते, ती म्हणजे पाहुण्याचा प्रवास. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगाच्या हरितगृह वायूंमध्ये पर्यटनाचा वाटा सुमारे 8 टक्के निघाला, आणि त्यातला मोठा भाग जाण्यायेण्याचाच. यावर माझ्या हातात एकच उपाय होता. एका रात्रीचा मुक्काम बंद केला. किमान तीन रात्री राहायचं. तेवढ्याच प्रवासात मुक्काम लांबतो, आणि चादरीही कमी धुवाव्या लागतात.

त्या सात वाटांपैकी सहा मी बंद केल्या. चार हिरव्या झाल्या. दोन अजून उघड्याच आहेत, त्यांच्यावर आडव्या फांद्या टाकून मी वाहणारी माती अडवतो आहे. यंदाच्या पावसात तिथे गवत धरलं, तर पाहुण्यांना तेही वाटेवरूनच दाखवीन.

नमस्कार.