शेकरूच्या झाडावरून दिसणारा महाराष्ट्र

(दृश्य : भीमाशंकरचं जंगल. फांद्यांमधून कॅमेरा वर सरकतो.)

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. शेंड्याजवळ घरटं, तिथेच खाणं, तिथेच झोप. दुसऱ्या झाडावर जायचं तर वीस-वीस फुटांची झेप. मधली झाडं तुटली की त्याची वाटच बंद होते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी हा असा, सलग जंगल असेल तरच टिकणारा.

राज्यपक्षी हरियाल वड-उंबराच्या फळांवर जगतो. राज्यवृक्ष आंबा, त्याची ओळख महाराष्ट्रात कुणाला करून द्यायची? राज्यफूल ताम्हण, म्हणजेच जारूळ. कोकणात ओढ्या-नद्यांच्या काठी हे झाड वाढतं आणि त्याचा जांभळा फुलोरा येतो १ मेच्या, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या सुमारास. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरलं. आपलं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०२० मध्ये खाडीच्या चिखलात तग धरणाऱ्या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, तर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला. पापलेटची निवड मात्र कौतुकापेक्षा काळजीपोटी झाली. पिल्लंच जाळ्यात येऊ लागली, तर अंडी घालायला मासा उरणार कुठून?

(दृश्य : नकाशा. चिन्हं एकेक करून उमटतात.)

आता ही यादी नकाशावर मांडून पाहा. हरियाल आणि आंबा घाट ओलांडून राज्यभर पसरलेत, शेकरू मेळघाटातही भेटतं. पण बाकीच्या बहुतेक खुणांची गर्दी सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या, ओल्या पट्टीत आहे. तीन लाख सात हजार चौरस किलोमीटरच्या या राज्याचा मोठा भाग म्हणजे दख्खनचं पठार, आणि ते या यादीत जवळजवळ नाहीच.

पावसाचा हा भेद पाहायला जिल्हासुद्धा ओलांडावा लागत नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुका आहे, तिथे जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवरच रिते होतात आणि पलीकडची गावं आभाळाकडे बघत राहतात. १९७२ च्या दुष्काळात याच पठारावर लाखो माणसं खडी फोडायला उभी राहिली. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे देशाच्या रोजगार हमी कायद्याला तिचाच आधार मिळाला.

या कोरड्या मुलखाला पोसलं ते ज्वारीनं. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत मालदांडी ज्वारी रब्बीत नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते. राज्यपीक ठरवायची वेळ आली, तर आमचं मत तिला. पण पैसा उसात आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या वाटेनं ग्रामीण महाराष्ट्राचं अर्थकारण, राजकारणही, बदलून गेलं. पाणी कमी तिथे ऊस जास्त, हा पेच मात्र अजून सुटलेला नाही.

(दृश्य : न्हावा-शेवा बंदर, चाकणचे कारखाने, लासलगावचा कांदा बाजार. वेगवान दृश्यं.)

बाकीचं चित्र परिचयाचं आहे. रिझर्व्ह बँक आणि शेअर बाजार मुंबईत, गाड्यांचे कारखाने पुण्याभोवती, द्राक्षं आणि कांदा नाशिककडे, कापूस आणि कोळसा विदर्भात. देशातल्या राज्यांमध्ये सर्वांत मोठी अर्थव्यवस्था महाराष्ट्राची.

(दृश्य : वेरूळ, कैलास लेणं, वरून खाली.)

पठारानं आणखी एक गोष्ट दिली : दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि हा काळा बेसाल्ट तयार झाला. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी याच दगडात कैलास लेणं कळसापासून पायाकडे कोरत नेलं. पाया आधी घालायचा असतो, हा नियम इथे उलटा झाला. अजिंठ्याची भित्तिचित्रं याच खडकाच्या पोटात आहेत. गडांचे कातळकडेही याचेच. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले.

आणि लोणार. बुलढाणा जिल्ह्यात उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेलं हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. चंद्र आणि मंगळावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ इथे येतात, कारण तिथेही जमीन अशाच खडकाची आहे. तळाचं पाणी खारट आणि क्षारयुक्त. २०२० च्या जूनमध्ये ते चक्क गुलाबी झालं होतं. अजिंठा-वेरूळला जाणार असाल, तर एक मुक्काम वाढवा. विवराच्या काठावरून तळाशी उतरायला पाऊलवाट आहे आणि खाली झाडीत हेमाडपंती मंदिरं आहेत. पाण्याची बाटली सोबत घ्या, सरोवराचं पाणी पिण्याजोगं नाही.