बॅटमॅननं मारलं, की मरू दिलं?

(लातूर. ट्यूशन एरिया. रात्रीचे क्लास नुकतेच सुटलेत.)

बीड, नांदेड, परभणीकडून नीटच्या तयारीसाठी आलेली ही पोरं. मेस बंद व्हायच्या आत चहाच्या टपरीवर थोडा वेळ मिळतो, त्यात आज बॅटमॅन निघालाय.

"त्यो कुणाला मारत नसतो. नियम हाय त्याचा."

"काय बोलायलास लेका! मग ट्रेनमधी काय केलं त्यानं?"

ट्रेन म्हणजे २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स'चा शेवट. गाडी सुसाट सुटलीय आणि पुढचा मार्ग बॅटमॅननंच त्याचा पोलीस मित्र गॉर्डन याच्याकडून उडवून घेतलाय. खलनायक रास अल गुल खाली पडलेला. बॅटमॅन त्याला सांगतो, मी तुला मारणार नाही, पण वाचवायलाच हवं असंही नाही. आणि पंख पसरून बाहेर पडतो. मार्ग तोडायला लावणारा हाच, हात झटकणाराही हाच. आमच्या मते ही चक्क पळवाट आहे. टाळ्या घेणारी आहे, म्हणून जास्तच खुपते.

सप्ताहाच्या कीर्तनात कर्णाचं रुतलेलं चाक ऐकत वाढलेल्या पोरांना असला वाद नवा नाही. एवढ्यावर कुणी गप्प बसत नाही.

गंमत अशी, की मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात बॅटमॅन आला, तेव्हा हा नियम नव्हताच. पहिल्याच कथेत त्याच्या ठोशानं गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि हा म्हणतो, असल्यांचा शेवट असाच व्हायचा. १९४० मध्ये तर त्यानं विमानातून मशीनगन चालवली. मग संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बंदूक आणि हत्या दोन्हींना बंदी केली. तेव्हापासून तो नियम वाचकांनी असा काही धरून ठेवला, की आज मोडला तर आपल्यालाच फसवल्यासारखं वाटतं.

१९९२ च्या सिनेमात बॅटमॅन एका धिप्पाड गुंडाच्या अंगाला बॉम्ब अडकवतो. वर त्याच्याकडे बघून हसतो. कथा तिथं क्षणभरही थांबत नाही.

२००८ चा 'द डार्क नाइट' मात्र वेगळा. खलनायक जोकर इमारतीवरून खाली जातो, तर बॅटमॅन त्याला दोर टाकून वर ओढतो. उलटा लटकलेला जोकर हसतच असतो. आणि थोड्याच वेळात बॅटमॅन गॉर्डनच्या पोराला वाचवत असताना, सरकारी वकिलाचा खुनी झालेला हार्वी डेंट खाली पडून मरतो.

"म्हंजे तिथंबी मेलाच की एकजण."

"मेला. पण त्याचं सगळं यानं आपल्या अंगावर घेतलं. डेंटनं केलेले खूनसुद्धा. कुत्री मागं लागली, तरी पळला एकटाच. ट्रेनवाल्याचं काय अंगावर आलं, सांग?"

उदगीरच्या या पोराचं म्हणणं आम्हाला पटतं. समोरच्याला अजून पटलेलं नाही. त्याला आता २०१६ च्या सिनेमातल्या बंदुका काढायच्यात.