पिप इन्स्टॉल, आणि मग धुळ्यातही चालायला पाहिजे

(दृश्य: यावल–रावेर रस्ता, दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा)

यावलहून रावेरकडे निघालं की नुसती केळीच केळी. हा पट्टा सगळा पाऱ्यावर अवलंबून, उन्हाळ्यात चाळीसच्या वर गेला की पानं करपायला लागतात, थंडी जास्त पडली की निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. म्हणून इकडच्या दोन-तीन पोरांनी पायथनमध्ये एक छोटं टूल लिहिलंय. त्याला हवामान केंद्राची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या आकड्यांचा साधा तक्ता, द्यायची, ते सांगतं कोणत्या तारखांना तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं, कोणत्या तारखांना खाली. कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या साइटवर, टाकला, लायसन्स एमआयटी, म्हणजे कोणीही घ्यावा, बदलावा, वापरावा.

आता धुळ्यातला एक मित्र ते घेतो. कॉलेजची लॅब, उबुंटू २४.०४ म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, त्यात पायथन ३.१२.

(दृश्य: स्क्रीन, लाल अक्षरं)

पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस उतरवून बसवणारी कमांड. पिप इन्स्टॉल म्हटलं तर उबुंटू आधी सिस्टिमच्या पायथनला हातच लावू देत नाही, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, कर म्हणतं, आणि ते बरोबरच आहे, कारण सिस्टिमचं पायथन बिघडलं तर अख्खी लॅब बसेल. ठीक, तो वेगळं एन्व्हायर्नमेंट करतो, रिक्वायरमेंट्स फाइल, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी, लावतो. आता नम्पायवर, आकडेमोडीच्या लायब्ररीवर, अडकतं. फाइलमध्ये नम्पाय १.२१ असं खिळा ठोकल्यासारखं लिहिलेलं, आणि त्या जुन्या नम्पायचं ३.१२ साठी तयार व्हील, म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज, नाहीच, ३.१२ चालवणारं पहिलं नम्पाय १.२६. व्हील नाही म्हणून पिप सोर्समधून बांधायला बघतं, तिथे फसतं, आणि स्क्रीनभर लाल मजकूर. मागच्या बाकावरून आवाज येतो, "काय व्हयनं भो?"

कोडमध्ये एक अक्षर चुकलेलं नाहीये हे लक्षात घ्या. ज्या पोराने लिहिलं त्याच्या लॅपटॉपवर सगळं वर्षभर चालतंय, त्यामुळे त्याला हे कधी दिसलंच नाही. त्याने पिप फ्रीझ, म्हणजे मशीनवर बसलेल्या सगळ्या पॅकेजेसची नेमक्या व्हर्जनसकट यादी देणारी कमांड, मारून जे निघालं ते सगळं फाइलमध्ये ओतलं होतं. पण टूलला लागतं काय, तर नम्पाय, तक्ते हाताळणारं पँडाज आणि यामल (सेटिंग्ज लिहायची एक साधी पद्धत) वाचायची लायब्ररी. या तिसरीतही एक खोच आहे, कोडमध्ये इम्पोर्ट करताना यामल लिहितो पण इन्स्टॉल करायचं नाव पायवायएएमएल, आणि नवीन पोरगं याच्यातच अर्धी संध्याकाळ घालवतं.

मग नीट करायचं कसं? आधी पॅकेजची माहिती द्यायला सेटअप डॉट पीवाय ही फाइल असायची, आणि घोळ असा होता की पॅकेजला काय लागतं हे कळायलाच ती फाइल चालवावी लागायची. २०१६ मध्ये पेप ५१८ आलं (पेप म्हणजे पायथनमधल्या सुधारणेचा प्रस्ताव), त्यातून पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही फाइल आली, पुढे २०२० च्या पेप ६२१ ने नाव, व्हर्जन, अवलंबित्व या गोष्टी तिच्यात कुठे लिहायच्या ते ठरवलं. आता साधी वाचायची फाइल, काही चालवायचं नाही.

(दृश्य: एडिटर, फाइल हळूहळू भरतेय)

बघा, नाव लिहिलं, व्हर्जन ०.२.०, पायथन ३.१० किंवा पुढचं. नम्पाय आता "१.२६ किंवा त्यावरचं", एकाच आकड्याला बांधलेलं नाही. मग स्क्रिप्ट्सचा भाग, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, इथे एक ओळ लिहिली की इन्स्टॉल झाल्यावर टर्मिनलमध्ये थेट टूलचं नाव टाइप करायचं, कोणती फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे वापरणाऱ्याने शोधायचंच नाही. कोड एसआरसी फोल्डरमध्ये हलवला, म्हणजे टेस्ट चालवताना चुकून शेजारच्या फोल्डरचा कोड उचलला जात नाही, जे खरंच इन्स्टॉल झालंय तेच तपासलं जातं.

एक गोष्ट इथे हमखास राहते, डेटा फाइल्स. टूलसोबत मर्यादांची एक छोटी सीएसव्ही आहे, ती घरच्या फोल्डरमधून चालवताना सापडते, पण व्हीलमध्ये गेलीच नसेल तर दुसऱ्याच्या मशीनवर गायब. व्हील म्हणजे शेवटी झिप फाइलच, उघडून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस उतरवतं त्या सार्वजनिक साठ्यावर, टाकायच्या आधी प्रत्येकाने ते उघडून बघावंच. कारण तिथे एकदा चढवलेलं फाइलनाव डिलीट केलं तरी परत वापरता येत नाही, चूक निघाली तर नवीन व्हर्जनच काढावं लागतं. त्यासाठी टेस्ट पायपीआय म्हणून सरावासाठीचा वेगळा साठा आहे, आधी तिथे टाकायचं आणि कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये उतरवून बघायचं.

(दृश्य: गावातलं घर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप)

आणि आपल्याकडचा एक प्रश्न राहतोच. रावेरच्या पुढे एखाद्या गावात रेंज येते-जाते, नम्पाय आणि पँडाज मिळून पंचवीस-तीस एमबी उतरवायचे म्हणजे कठीणच. त्यावर पिप डाउनलोड आहे. शहरात बसून सगळी व्हील्स एका फोल्डरमध्ये उतरवायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची, आणि गावात नो-इंडेक्स व फाइंड-लिंक्स हे दोन पर्याय देऊन त्याच फोल्डरमधून इन्स्टॉल करायचं, नेटची गरज नाही. फक्त उतरवताना समोरच्या मशीनचं पायथन आणि ऑपरेटिंग सिस्टिम जुळायला हवी, विंडोजवाल्याला लिनक्सचं नम्पाय देऊन चालत नाही.

पोरांनी पिप डाउनलोडची आणि नेटशिवाय इन्स्टॉल करायची अशा या दोन ओळी रीडमीमध्ये, म्हणजे टूलसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, सगळ्यात वर टाकल्यात, टूल काय करतं त्याच्याही आधी.