नेट जातं म्हणजे नक्की काय जातं?

मंडळी, वायफायच्या नावानं बोटं मोडणं सोपं असतं, कारण ते दिसत नाही. आज मी दिसणाऱ्या तारेबद्दल बोलणार आहे. डेस्कटॉपला लॅन केबल लावलेली आहे, तरी नेट मधेच तुटतं आणि क्षणभरात परत येतं, ही तक्रार कोथरूडपासून हडपसरपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पहिला फोन अर्थातच नेटवाल्याला जातो. तो म्हणतो, ‘सर, आमच्याकडून लाइन ओके आहे.’ आपल्याला राग येतो, पण पुष्कळदा त्याचं बरोबर असतं.

म्हणून आधी तुकडे पाडा. विंडोजमधल्या कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या, दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्या राउटरला सतत पिंग लावा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारून उत्तर येतंय का ते बघत राहा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी असतो, ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप केलं की डीफॉल्ट गेटवे म्हणून दिसतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावा. नेट गेलं त्या क्षणी दोन्ही खिडक्या बघा. राउटर उत्तर देतोय आणि बाहेरचा देत नाही, तर खुशाल नेटवाल्याशी भांडा. दोन्ही थांबले, तर भांडण घरातच आहे.

घरातल्या भांडणात मी पहिल्यांदा लिंकचा, म्हणजे संगणक आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा, वेग बघतो. गिगाबिट (१००० मेगाबिटचा) पोर्ट असून सेटिंग्जमध्ये १००० ऐवजी १०० दिसतंय का? केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार सैल झाली की काही नेटवर्क कार्डं निमूटपणे १०० वर उतरतात, काही मात्र गिगाबिटचा हट्ट सोडत नाहीत आणि लिंक पडत-उठत राहते. तपासण्यापुरता वेग १०० वर बांधून बघा. तुटणं थांबलं, तर संशय केबलवर. पण ते सेटिंग तसंच ठेवू नका. एका टोकाला ‘फुल डुप्लेक्स’ (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) सक्तीनं आणि दुसऱ्या टोकाला ‘ऑटो’ असेल, तर दुसरं टोक हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकच काम, धरून बसतं. मग पिंग छान चालतं, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की रडारड.

आता क्रिंपिंगचं, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर बसवण्याचं. बिल्डिंगमधला हौशी वायरमन आठही तारा दोन्ही टोकांना सारख्याच क्रमानं लावतो, पण क्रम स्वतःच्या मनाचा: केशरी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी, ओळीनं. टेस्टरचे आठही दिवे लागतात, तो पैसे घेऊन जातो. चूक अशी की तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळलेल्या जोडीची असायला हवी. ती दोन वेगवेगळ्या जोड्यांवर गेली की पिळाचा उपयोगच संपतो आणि एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. स्वस्त टेस्टर तार जोडलेली आहे एवढंच सांगतो, ती काम करेल की नाही हे सांगत नाही. माझ्या मते घरातल्या निम्म्या गूढ रोगांचं मूळ त्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये असतं. खटका तुटलेला कनेक्टर तर बघताक्षणी कापून टाका.

केबलही बघून घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, भाव विचारलात आणि तो फारच कमी निघाला, तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं. एक तार ब्लेडनं खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत द्या. ते ठिसूळ असतं, दोनदा वाकवलं की आतल्या आत तुटतं. विजेच्या तारांच्या त्याच पाइपातून लॅन केबल ओढायचा मोहही टाळा. पेठांतल्या जुन्या घरांत तो फार होतो.

संगणकाकडे वळायचं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या’ ही खूण काढा आणि ‘एनर्जी एफिशिअंट इथरनेट’ ही कार्डाची वीज वाचवायची सोयही बंद करून बघा. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. इंटेलच्या आय-२२५ या अडीच गिगाबिट चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत तर हार्डवेअरचाच दोष होता, तिथे केबल बदलून काय होणार! वळवाच्या पावसात विजा कडाडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर पोर्ट अर्धवट भाजलेला असू शकतो, विशेषतः गच्चीवरून तांब्याची केबल येत असेल तर. यूएसबीचं लॅन ॲडाप्टर लावून दिवसभर चालवा, उत्तर मिळेल.

एक चिठ्ठी आली आहे: ‘चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावरच्या दुकानात केबल नेली तर चालेल का?’ चालेल. मर्यादा १०० मीटर आहे, तेवढं अंतर होत नाही. पण बाहेरच्या भिंतीवरून न्यायची असेल तर उन्हात टिकणारी, आउटडोअर केबल घ्या. आणि समोरच्या इमारतीत न्यायची असेल तर तांबं नकोच, फायबर टाका.