लॅबमधला पारा आणि आपण शिक्षक

नमस्कार मंडळी. मी बावीस वर्षं विज्ञान शिकवतेय, आणि आज बोलायचंय ते माझ्यासारख्याच सायन्सच्या सर-मॅडमशी आणि लॅब सांभाळणाऱ्या दादांशी.

नोकरीच्या सुरुवातीला एकदा प्रॅक्टिकल चालू असताना थर्मामीटर फुटला, पाऱ्याचे मणी शहाबादी फरशीवर सैरावैरा पळायला लागले, मुलं खूश, मीपण कागदाने गोळा करून तळहातावर घेतला, बघा रे किती जड, पाण्याच्या साडेतेरा पट! घरी येऊन बघते तर बोटातली सोन्याची अंगठी पांढरीफटक, पारा सोन्याला चिकटला होता. सोनारकाकांनी तापवून परत पिवळी करून दिली. तो पारा गेला कुठे? वाफ होऊन काकांच्याच नाकातोंडात गेला असणार. हे मला फार उशिरा कळलं, आणि अजून मनाला लागतं.

पाऱ्याची वाफ व्हायला तापवायलाच लागतं असं नाही हो, नुसत्या खोलीतल्या उबेलाही होते, वास नाही की रंग नाही. फटीत अडकलेले मणी कितीतरी महिने उडत राहतात. मुलं तासाभरात जातात, आपण मात्र तिथेच, दुसरी बॅच, तिसरी बॅच, वर्षामागून वर्षं, डबापण त्याच टेबलावर. मग हात थरथरतात, झोप लागत नाही, चिडचिड होते, आणि आपण म्हणतो वय झालं.

शिशाचंही तेच. दहावीला लेड नायट्रेट तापवतो, बारावीच्या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे क्षार ओळखायच्या प्रयोगात, लेड म्हणजे शिसं असतं, अमोनियम ओळखायला नेसलरचं द्रावण वापरतो त्यात तर पाराच आहे. शिसं हाडात जाऊन वर्षानुवर्षं बसतं आणि गरोदरपणात बाळापर्यंत पोचतं, म्हणून गरोदर मॅडमना ती बॅच देऊच नका, हे मी हात जोडून सांगते. आणि प्रदर्शनातला तो नारिंगी अमोनियम डायक्रोमेटची पावडर पेटवून केलेला ज्वालामुखी बंद करा, त्यातलं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे आणि हिरव्या राखेबरोबर न जळलेली पावडरपण उडते.

पारा वापरातून कमी करायच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मंजुरी दिली. लाल अल्कोहोलचे थर्मामीटर मिळतात, शाळेकडे तेच मागा.

तरी जुना एखादा फुटलाच तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद. झाडू अजिबात नको, झाडूने मणी बारीक होतात आणि वाफ वाढते. हातमोजे घालून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा, बेसिनमध्ये ओतू नका. आणि हे सगळं करायच्या आधी अंगठी काढून ठेवा.