दूरच्या दुभाष्याला काय दिसतं?

सांकेतिक भाषेचा दुभाषी दुसऱ्या गावाहून व्हिडिओवर काम करणार म्हटलं की आयोजकांचा पहिला प्रश्न येतो, कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यायचा? मी म्हणतो, आधी दिवा आणा. उजेड कमी पडला की वेबकॅम प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, सेकंदाला ३० ऐवजी १५च चित्रं देऊ लागतो, आणि बोटांच्या जागी धूसर पट्टा उरतो. फोर-के म्हणजे अतिबारीक तपशील टिपणारा कॅमेरा लावलात तर तोच पट्टा फोर-केमध्ये दिसेल! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९९ साली सांकेतिक संभाषणासाठी मार्गदर्शन काढलं, तेव्हा ३५२ बाय २८८ पिक्सेल एवढं लहान चित्रही चालत होतं. आग्रह होता तो चित्रं सेकंदाला २५-३० मिळावीत याचा.

दिवा समोरून, डोळ्यांच्या जरा वरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो, आणि कितीतरी सांकेतिक भाषांत भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो. डोक्यावर थोडी जागा, खाली कंबर, आणि कोपरं पसरली तरी चौकटीच्या आत. भिंत आणि कपडे साधे, त्वचेच्या रंगापासून वेगळे उठणारे. सॉफ्टवेअरने मागे लावलेली आभासी पार्श्वभूमी बंदच ठेवा. ती बोटं खाते.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगतो. दुभाष्यासाठी मोठा पडदा लावतात, पण कर्णबधिर व्यक्तीकडे वळलेला कॅमेराच नसतो. असलाच तर तो पार मागच्या भिंतीवर. तिला दुभाषी दिसतो, तिचे हात मात्र दुभाष्याला दिसत नाहीत. मग तिने शंका विचारायची कशी, हरकत घ्यायची कशी? तिचा कॅमेरा दुभाष्याच्या चित्राला लागून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवा. रुग्ण पलंगावर आडवा असेल तर पडदा आणि कॅमेरा वाकत्या दांड्यावर लावून त्याच्यासमोर आणा.

बैठकीचं सॉफ्टवेअर सहसा आवाज ऐकून बोलणाऱ्याचं चित्र पुढे आणतं. हातांना आवाज नसतो, त्यामुळे खुणांनी बोलणारा माणूस बहुतेकदा आपोआप पुढे येत नाही. म्हणून दुभाषी आणि कर्णबधिर व्यक्ती, दोघांची चित्रं पिन करा, म्हणजे पडद्यावर कायमची पुढे ठेवा. सादरीकरण सुरू झालं की दुभाषी टिकलीएवढा होतो, तेव्हा त्याला वेगळा पडदाच द्या.

आणि दुभाषी ऐकूनच सांगणार, तेव्हा माइक बोलणाऱ्याच्या जवळ हवा. सभागृहात दूर ठेवलेल्या लॅपटॉपच्या माइकमध्ये शब्दांपेक्षा घुमारा जास्त येतो. इंटरनेट शक्यतो केबलने घ्या. लांबच्या बैठकीत दुभाषी साधारण २० ते ३० मिनिटांनी पाळी बदलतात. दुसऱ्याचीही चौकट आणि उजेड आधी तपासा.

तपासणी ‘ऐकू येतंय का?’ एवढ्यावर थांबवू नका. कर्णबधिर सहभागीला तिच्याच खुर्चीतून एखादं अनोळखी आडनाव बोटांच्या खुणांनी अक्षर-अक्षर करून भरभर दाखवायला सांगा आणि दुभाष्याकडून वाचून घ्या. अक्षरं गळत असतील तर इतरांचे व्हिडिओ बंद करा, तरी गळली तर चित्राचे पिक्सेल कमी करा. सेकंदाला मिळणारी चित्रं मात्र कमी करू नका.